मोर्चा आणि शासन निर्णय: वाडी-नागपूर परिसरातील शिक्षक संघटनांचा लढा

महाराष्ट्रात शिक्षक आणि सरकार यांच्यातल्या भांडणाचा इतिहास सांगायचा, तर आधी ‘कोणता शिक्षक’ हे विचारावे लागते. नागपूरच्या पश्चिमेला अमरावती रस्त्यावरच्या वाडीत हा प्रश्न चटकन कळतो. एका बाजूला अंबाझरीची आयुध निर्माणी आणि तिची वसाहत, दुसऱ्या बाजूला ट्रान्सपोर्टची कार्यालये आणि गोदामे, आणि मधल्या वस्त्यांत व आसपासच्या गावांत तऱ्हेतऱ्हेच्या शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, खासगी अनुदानित शाळेतले सर, अनुदानाची वाट पाहणारे विनाअनुदानित शिक्षक, स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळेतल्या मॅडम आणि केंद्र सरकारच्या शाळेतले शिक्षक सकाळी एकाच चौकातून निघतात. मात्र त्यांचा मालक वेगळा, वेतनाची वाट वेगळी आणि संघटनाही वेगळी. सरकारने आणलेल्या सुधारणांपैकी कोणती अडली आणि कोणती रेटली गेली, याचे उत्तर बऱ्याच वेळा या वेगळेपणातच सापडते.

शिक्षणात मोठा बदल करायचा आणि त्याचा भार शिक्षकाच्या पगारावर टाकायचा, ही रीत या भागात स्वातंत्र्यापूर्वीची आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च ही तिची मध्यवर्ती कल्पना होती. झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले आणि शिक्षकाचा पगार शक्यतो २५ रुपये, पण २० रुपयांपेक्षा कमी कधीच नसावा, असेही नमूद केले. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री आणि पुढे मुख्यमंत्री झालेले रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावाने जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा व शिक्षक दोघांनी तगायचे, अशी ती होती. योजनेच्या नावावरून मुस्लिम समाजातून विरोध झाला आणि वाद त्याभोवतीच अधिक रंगला. पीक बुडाले तर मास्तरांनी काय खायचे, हा प्रश्न त्यामानाने मागे पडला. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षकाचा मालक वारंवार बदलला. मध्यप्रांतात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. तेव्हापासून गुरुजींची बदली, रजा आणि सेवापुस्तक पंचायत समिती व जिल्हा परिषदेच्या हाती आहे. माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी संस्थांच्या. सरकार अनुदान देई, नेमणूक संस्थाचालक करीत आणि नोकरीची शाश्वती संस्थाचालकांच्या मर्जीवर असे. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघासारख्या संघटनांचा मूळ पिंड या परिस्थितीतून घडला. त्यांची पहिली झुंज संस्थाचालकाशी होती. सरकारने त्याला कायद्याने वेसण घालावी, एवढीच सरकारकडून अपेक्षा होती.

ती वेसण १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियमाने आली. १५ जुलै १९८१ पासून तो आणि त्याखालची नियमावली अमलात आली. बडतर्फ केलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येऊ लागली. सेवाज्येष्ठतेची यादी, निलंबनाची आणि चौकशीची पद्धत, मुख्याध्यापकपदाचा हक्क हे सारे नियमाने बांधले गेले. आज शिक्षकांच्या बोलण्यात ‘एमईपीएस’ हा शब्द सहज येतो. राज्यातली ही बहुधा एकमेव मोठी शैक्षणिक सुधारणा, जी संघटनांनी मागितली आणि सरकारने दिली. नंतरच्या बहुतेक सुधारणा उलट दिशेने, मंत्रालयातून खाली आल्या.

दरम्यान संपाचे हत्यारही पारखून झाले होते. १४ डिसेंबर १९७७ पासून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला. शिक्षकही त्यात उतरले होते. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही मुख्य मागणी होती. संप मोडला तेव्हा हाती फारसे काही नव्हते. पण १९७८ मध्ये पुलोदचे सरकार आले आणि मागणी मान्य झाली. या अनुभवातून दोन धडे घेतले गेले. लांबलेला संप सरकारपेक्षा संपकऱ्यालाच आधी थकवतो, आणि मागणी रस्त्यावर अडली तरी मतपेटीतून सुटू शकते. पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत वाडी-नागपूरच्या शिक्षकांनी दुसरा धडा अधिक वापरला.

तो वापरता येण्याचे कारण राज्यघटनेत आहे. विधान परिषदेच्या एक द्वादशांश जागा शिक्षक मतदारसंघांच्या असतात. महाराष्ट्रात त्या सात असून नागपूर ही त्यांपैकी एक. गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवलेला शिक्षक तिथे मतदार होतो, पण माध्यमिक किंवा त्याहून वरच्या स्तरावरचा. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला या मतदारसंघात मत नाही. संख्येने प्राथमिक शिक्षकांचा वर्ग मोठा, संघटनाही जुन्या आणि गावोगाव पसरलेल्या, तरी ‘शिक्षक आमदार’ निवडण्यात त्यांचा हात नसतो. त्यामुळे वाडीतल्या अनुदानित हायस्कूलचा सहायक शिक्षक आपल्या थकीत बिलाची तक्रार आमदाराकडे घेऊन जातो, तर शेजारच्या झेडपी शाळेतल्या गुरुजींना केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी मोर्चा हीच पायरी उरते.

महाविद्यालयीन प्राध्यापकांनी वेगळी वाट काढली. नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ म्हणजे ‘नुटा’. १९८३ मध्ये अमरावतीला वेगळे विद्यापीठ झाल्यावरही संघटना दोन्हीकडे राहिली. तिचे नेते प्रा. बी. टी. देशमुख १९८० ते २०१० अशी तीस वर्षे अमरावती पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर होते. सभागृहाचे नियम, आयुधे आणि शासन निर्णयांतली कलमे तोंडपाठ असलेला आमदार ही त्यांची ख्याती. १९८७ मध्ये वेतनश्रेणीसाठी देशभरातले प्राध्यापक संपावर गेले, त्यात विदर्भही होता. पुढची मोठी ठिणगी पात्रतेवरून पडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९ सप्टेंबर १९९१ पासून नेट किंवा सेट परीक्षा सक्तीची केली, पण महाविद्यालये त्याविना नेमणुका करत राहिली. ३ एप्रिल २००० पर्यंत अशा रीतीने लागलेल्या हजारो प्राध्यापकांच्या सेवेचे काय, यावर वीस वर्षे भांडण चालले. २०१३ मध्ये प्राध्यापक महासंघाने परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. सरकारने ७१ दिवसांचा पगार रोखला आणि तो वाद न्यायालयात गेला. पात्रता वाढवणे चुकीचे, असे कुणी उघडपणे म्हणत नव्हते. ज्या नेमणुकांना विद्यापीठांनी मान्यता दिली आणि सरकारने पगार दिला, त्या पंधरा-वीस वर्षांनी अपात्र कशा ठरतात, हा मुद्दा होता आणि त्यात तथ्य होते. पण सेट उत्तीर्ण होऊन दारात उभ्या असलेल्या तरुणांची बाजू मांडणारी संघटना त्या वादात जवळपास नव्हती, हेही नोंदवावे लागते.

शाळांत बदलाचा वेग वाढला तो २००० नंतर. त्या वर्षी शिक्षणसेवक योजना आली. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीवर नव्हे, ठरावीक मानधनावर काम करील, अशी ती होती. पैसा वाचवणे हा हेतू, परिवीक्षा हे नाव. डी.एड., बी.एड. होऊन चार-पाच हजारांत राबणारी एक पिढी यात गेली. मानधन वाढत वाढत प्राथमिकला सहा, माध्यमिकला आठ आणि कनिष्ठ महाविद्यालयाला नऊ हजारांवर आले आणि तिथेच अडकले. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झाले. योजना रद्द करा, ही मागणी मात्र दोन दशके तशीच आहे.

त्याच काळात ३१ ऑक्टोबर २००५ चा शासन निर्णय निघाला. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, त्याऐवजी पगारातून कपात होऊन जमा होणारी अंशदान योजना लागू होईल, असे त्यात ठरले. त्या दिवशी फारसा गाजावाजा झाला नाही. ज्यांचे नुकसान व्हायचे होते, ते बहुतेक अजून नोकरीला लागायचे होते. संघटना जुन्या शिक्षकांच्या, आणि जुन्यांचे काही जात नव्हते. या शांततेची किंमत पुढे संघटनांनाही मोजावी लागली.

संगणकाची पहिली चुणूक ‘एमएससीआयटी’ने दाखवली. हा अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण न केलेल्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, काहींकडून वर्षांनंतर वसुली निघाली. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. महसूल आणि इतर खात्यांचे कर्मचारी शाळेत येऊन मुले मोजू लागले आणि एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून त्यांच्या बोटाला शाई लावली गेली. हजेरीपटावरची मुले आणि बाकांवरची मुले यांत मोठी तफावत निघाली. संस्थाचालकांचे बिंग फुटले, पण त्याची झळ शिक्षकाला लागली. पट घटला की संच मान्यता, म्हणजे शाळेची मंजूर शिक्षकपदे, घटते, संच मान्यता घटली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जाऊन दुसऱ्या तालुक्यात पोहोचतो. खोटा पट दाखवणारा वेगळा आणि अतिरिक्त ठरणारा वेगळा, ही तक्रार रास्त होती. पण त्या खोट्या पटावर आपलीही नोकरी उभी आहे हे अनेकांना ठाऊक होते, याची चर्चा संघटनांच्या पत्रकांत क्वचितच आली.

२०१५ हे वळणाचे वर्ष. शिक्षणमंत्री विनोद तावडे आणि प्रधान सचिव नंदकुमार यांच्या काळात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आणि ‘सरल’ ही संगणकीय प्रणाली एकापाठोपाठ आल्या. शाळा, संस्था, शिक्षक आणि प्रत्येक विद्यार्थी यांची माहिती एका ठिकाणी भरायची होती. कल्पनेत खोट नव्हती. वर्षातून दहा वेळा तीच माहिती दहा तक्त्यांत मागवण्यापेक्षा एकदाच भरून घेणे केव्हाही बरे. प्रत्यक्षात शाळेत संगणक नाही, असला तर वीज नाही, वीज आली तर सर्व्हर बंद. दिवसा प्रणाली रखडत असल्याने गुरुजी रात्री जागून माहिती भरत, नाहीतर गावातल्या नेट कॅफेत पदरचे पैसे मोजून भरून घेत. आणि एवढे करूनही तक्त्यांची मागणी थांबली नाही. पंचायत समितीकडून ‘माहिती तातडीने सादर करावी’ हा निरोप व्हॉट्सअॅपवर येतच राहिला, कागदी प्रतही हवीच असे.

या काळातला सर्वांत गमतीदार आदेश सेल्फीचा. विद्यार्थ्यांची गळती रोखण्यासाठी शिक्षकांनी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढावी आणि ती सरलवर टाकावी, असे नोव्हेंबर २०१६ मध्ये फर्मावले गेले. पुढच्या जानेवारीपासून अंमल व्हायचा होता. मोबाइल कुणाचा, डेटा कुणाचा आणि साठ मुलांच्या वर्गात तास कधी घ्यायचा, असे प्रश्न संघटनांनी उभे केले. आदेश गुंडाळला गेला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अॅपवरून रोजची हजेरी घेण्याचा आग्रह सुरू झाला तेव्हा हेच प्रश्न जवळपास त्याच शब्दांत पुन्हा विचारले गेले. संघटनांच्या हातात एक कायदेशीर शस्त्रही होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. माहिती भरणे शैक्षणिक की अशैक्षणिक, हा वाद कधी मिटला नाही. दरम्यान बीएलओ म्हणून मतदार याद्या घेऊन दारोदार फिरणारे गुरुजी वाडीच्या वस्त्यांत सर्वांच्या ओळखीचे झाले.

जिल्हा परिषद शिक्षकाच्या दृष्टीने या साऱ्याहून मोठा धक्का २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाचा होता. तोवर बदल्या जिल्हा पातळीवर समुपदेशनाने होत. समुपदेशन म्हणजे समोर बसवून रिक्त शाळांतली एक निवडायला सांगणे. त्यात पदाधिकारी, सभापती, संघटनांचे पुढारी यांचा वावर आणि वजन दोन्ही असे. वाडीलगतची, शहराला खेटून असलेली शाळा हवी असणारे शेकडो आणि रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यात जाऊ इच्छिणारे मूठभर. ज्याचा वशिला त्याला अमरावती रस्ता, ज्याचा नाही त्याला जंगल, असा सर्वसाधारण समज होता आणि तो निराधार नव्हता.

नव्या धोरणाने गावांची ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ अशी विभागणी केली. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्याला बदलीचा अधिकार मिळाला. दिव्यांग, दुर्धर आजारी, विधवा, वय ५३ च्या पुढचे अशांचा पहिला संवर्ग, पती-पत्नी एकत्रीकरणाचा दुसरा, आणि त्यांनी शाळा मागितली की तिथला शिक्षक ‘खो’ बसून बाहेर. प्रत्येकाने ऑनलाइन अर्जात वीस शाळांचे पसंतीक्रम भरायचे. एकही न मिळाल्यास तो ‘विस्थापित’ आणि उरलेल्या शाळांतली कोणतीही त्याच्या वाट्याला. २०१८ च्या मे महिन्यात आदेश निघाले तेव्हा गुरुजींच्या घरोघरी मोबाइलवर यादी उघडण्याची धडपड चालली होती. वर्षानुवर्षे दुर्गम भागात अडकलेले काही जण पहिल्यांदा शहराजवळ आले. त्याच वेळी शेजारच्या तालुक्यांत नोकरी करणारी काही जोडपी जिल्ह्याच्या दोन टोकांना गेली. नाव गाळून संगणक शाळा वाटतो, याचे कौतुक ज्यांना झाले ते बोलले नाहीत. ज्यांना फटका बसला ते मोर्चात आले. संघटनांची अडचण इथे उघडी पडली, कारण विस्थापित आणि लाभार्थी दोघेही त्यांचेच सभासद होते. म्हणून मागणी ‘धोरण रद्द करा’ अशी न राहता ‘दुरुस्त करा’ अशी झाली. आधी शाळांची खरी यादी जाहीर करा, अवघड क्षेत्राचे निकष सुधारा, खोटी प्रमाणपत्रे तपासा, असे तिचे स्वरूप होते. ७ एप्रिल २०२१ च्या सुधारित धोरणात यांतले बरेच आले. संघटनांनी संगणक हटवला नाही, त्याचे नियम बदलून घेतले. वशिल्याचा जुना धंदा बसला, याबद्दल मात्र सार्वजनिक दुःख कुणीच व्यक्त केले नाही.

२३ ऑक्टोबर २०१७ चा शासन निर्णय आणखी खोलवर झोंबला. बारा वर्षांनी मिळणारी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी मिळणारी निवड श्रेणी आता शाळेच्या दर्जाशी जोडली गेली. प्राथमिक शाळा ‘प्रगत’ आणि शाळासिद्धी मूल्यांकनात ‘अ’ श्रेणीत हवी, नववी-दहावीच्या शिक्षकांसाठी निकाल ८० टक्क्यांहून अधिक हवा, अशा अटी आल्या. निकालावर पगार ठरवण्याचा हा प्रयोग जगात नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी नेमके हेच केले होते. शिक्षकांनी फक्त परीक्षेपुरते शिकवायला सुरुवात केली, १८७० मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि शतक संपेपर्यंत ती पद्धत मोडीत निघाली. इथे तेवढा वेळ लागला नाही. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राज्यभर जिल्हा मुख्यालयांवर शिक्षकांचे मोर्चे निघाले. पुढे शाळेच्या दर्जाची अट मागे घेतली गेली. वीटभट्टीवरच्या किंवा स्थलांतरित मजुरांच्या मुलांना शिकवणाऱ्या शाळेचा निकाल आणि वसाहतीतल्या शाळेचा निकाल एका मापाने मोजणे टिकणारे नव्हतेच. त्याच डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय आला आणि भांडणाला गावकऱ्यांचीही साथ मिळाली.

नागपूर या साऱ्याचा रंगमंच आहे, त्याला १९५३ चा नागपूर करार कारण. विदर्भ मराठी राज्यात सामील होताना वर्षातून एक अधिवेशन नागपूरला भरवण्याचे ठरले आणि १९६० पासून ते बहुतेक हिवाळ्यात भरत आले. अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियम, टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट ही ठिकाणे आंदोलकांनी भरून जातात. अमरावती, अकोला, बुलढाण्याकडून सडकेने येणारे बहुतेक जण वाडीवरून शहरात शिरतात. विनाअनुदानित शिक्षकांचे मोर्चे इथले जुने पाहुणे. सरकारने २० जुलै २००९ रोजी ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द काढला, पण अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्यांत येऊ लागायला २०१६ उजाडले. मधल्या काळात पोळीभाजीचे डबे, ट्यूशन आणि शेतमजुरीवर संसार चालवणाऱ्या शिक्षकांनी थंडीत उघड्यावर रात्री काढल्या.

पेन्शनचा प्रश्न याच रंगमंचावर पेटला. २००५ नंतर लागलेले शिक्षक आता चाळिशीत आले होते आणि संख्येने बहुमतात जात होते. जुन्या संघटना त्यांचे पुरेसे ऐकत नाहीत असे वाटल्याने त्यांनी जुनी पेन्शन हक्क संघटना ही वेगळी चूल मांडली. २१ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन दिल्यास राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, असे सांगितले. पुढच्याच महिन्यात, ३० जानेवारी २०२३ ला, नागपूर शिक्षक मतदारसंघाची निवडणूक होती. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे विश्वनाथ डायगव्हाणे यांच्यानंतर ही जागा सलग दोन वेळा शिक्षक परिषदेचे नागो गाणार यांच्याकडे होती आणि त्यांना भाजपचा पाठिंबा होता. गाणार स्वतः जुन्या पेन्शनचेच समर्थक, पण त्यांच्या पाठीशी असलेल्या पक्षाने ती नाकारलेली. २ फेब्रुवारीच्या मतमोजणीत माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले सुमारे दुप्पट मते घेऊन निवडून आले. १९७८ चा धडा विदर्भाने पुन्हा गिरवला होता.

दीड महिन्यातच त्याचा उपयोगही झाला. १४ मार्च २०२३ पासून राज्यातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. बारावीची परीक्षा सुरू असताना शाळा ओस पडल्या. २० मार्चला संप मिटला. तोवर तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक तुकडा हाती लागला, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नेमणूक नंतरची, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. उरलेल्यांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या धर्तीवरची एकीकृत योजना मंत्रिमंडळाने स्वीकारली. अंशतः अनुदानित शाळेत २००५ पूर्वी लागलेले, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर नंतर आलेले शिक्षक या सगळ्यात अधांतरी राहिले. वाडीसारख्या वाढत्या उपनगरांत बऱ्याच शाळा १९९० नंतर उघडल्या, त्यामुळे असे शिक्षक तिथे कमी नाहीत.

मुख्यालयाचा वाद मात्र कायद्यापेक्षा रोजच्या जगण्याचा आहे. झेडपी शिक्षकाने शाळेच्या गावी राहावे असा नियम आहे आणि घरभाडे भत्त्यासाठी त्याला तिथे राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. बाजारगाव, कोंढाळीकडच्या शाळेत नोकरी आणि बिऱ्हाड वाडीत किंवा नागपुरात, हे अप-डाउन इथे सर्रास चालते. ऑगस्ट २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय काढला आणि राज्यभरच्या गुरुजींचा रोष ओढवून घेतला. त्याच महिन्यात वर्गात शिक्षकांची छायाचित्रे लावण्याचा ‘आपले गुरुजी’ उपक्रम आला. पर्यायी शिक्षक नेमून शाळा चालवण्याचे प्रकार उघड व्हावेत, हा त्याचा हेतू. संघटनांना तो अपमान वाटला. गावात राहायला योग्य घर नाही, ही त्यांची बाजू खरी. ठराव मिळवण्यासाठी सरपंचाची मनधरणी करावी लागते, हेही खरे. आणि सात वाजताची बस चुकली की शाळा उशिरा उघडते, हे पालकांचे म्हणणेही तितकेच खरे.

२०२४ मध्ये १५ मार्चला एकाच दिवशी दोन निर्णय आले. एकाने शिक्षकांना जीन्स आणि टी-शर्ट घालण्यास मनाई केली आणि नावापुढे ‘टीआर’ लावायला सांगितले. त्यावर विनोद झाले. दुसरा संच मान्यतेचा होता आणि त्याने झोप उडवली. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथले शिक्षकपदच धोक्यात येत होते. सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय त्यात मिसळला आणि २५ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा परिषद शिक्षक सामूहिक रजेवर गेले. शिक्षक आमदार निवडण्याचे मत नसलेल्यांच्या हातात सामूहिक रजा हेच मोठे साधन होते.

संगणकीकरणाची दुसरी बाजूही नागपुरातूनच पुढे आली. २०१२-१३ पासून अनुदानित शाळांचे पगार ‘शालार्थ’ प्रणालीतून होऊ लागले. शालार्थ क्रमांकाशिवाय पगार निघत नाही, म्हणून खोट्या नेमणुका आपोआप थांबतील असे गृहीत धरले होते. २०२५ मध्ये नागपूर विभागात ५८० अपात्र शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना बनावट कागदपत्रांवर हे क्रमांक दिल्याचे उघड झाले. शिक्षण विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली आणि विशेष तपास पथक नेमले गेले. या प्रकरणात संघटनांनी अधिकाऱ्यांवर बोट ठेवले. रीतसर लागलेल्या शिक्षकांना मात्र पुन्हा आपली कागदपत्रे तपासणीसाठी हजर करावी लागली.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबाबतचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, अन्यथा नोकरी सोडावी. पाचहून कमी वर्षे उरलेल्यांची नोकरी राहील, पण परीक्षेविना पदोन्नती मिळणार नाही. राज्यात ही परीक्षा २०१३ पासून नव्या भरतीसाठी आहे आणि तिच्या २०१९-२० च्या फेरीत सात हजारांहून अधिक उमेदवार गैरप्रकारात अपात्र ठरले होते. १९९५ किंवा २००० मध्ये त्या काळच्या पात्रतेवर लागलेल्यांना हा नियम मागे जाऊन कसा लागू होतो, हा संघटनांचा आक्षेप आहे. नेट-सेटच्या वेळी प्राध्यापकांनी मांडलेला मुद्दा आता पहिलीच्या वर्गापर्यंत आला. फरक इतकाच की या वेळी समोर शासन निर्णय नाही, न्यायालयाचा आदेश आहे, आणि तो बदलण्याची ताकद नागपूरच्या अधिवेशनावर निघणाऱ्या मोर्चात नाही. फेरविचार याचिका आणि संसदेने कायदा बदलावा ही मागणी, असे दोनच मार्ग संघटनांपुढे उरले. दोन्हींसाठी नागपूर नव्हे, दिल्ली गाठावी लागते.